पुरुषांची सर्दी खरोखरच जड असते का?

साध्या पडशानेही पुरुष अंथरूण धरतात आणि बायका त्याच सर्दीत सगळी कामे उरकतात, ही तक्रार जगभर ऐकू येते. तिच्यात तथ्य किती, याचा धांडोळा कॅनडातील डॉक्टर काइल स्यू यांनी २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात घेतला. हा अंक दरवर्षी काहीशा थट्टेच्या सुरात निघतो, त्यामुळे पुरुष सोंग करत नसून त्यांची प्रतिकारशक्तीच कमी पडत असावी, हे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येते. पण त्यांनी जमवलेले पुरावे थट्टेचे नव्हते. अडचण एवढीच, की त्यांतले बरेचसे फ्ल्यूचे, उंदरांचे किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे होते.

खास सर्दीच्या विषाणूवरचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. निरोगी स्त्री-पुरुषांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांची गाठ ऱ्हायनोव्हायरसशी घातली, तेव्हा पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या पेशींनी पुरुषांच्या पेशींपेक्षा जोरकस प्रतिसाद दिला. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र हा फरक उरला नाही. साहजिकच संशयाची सुई संप्रेरकांकडे वळली. पुढे २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सॅब्रा क्लाइन आणि सहकाऱ्यांनी नाकाच्या अस्तरातील पेशींना इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधील प्रमुख संप्रेरक दिले, तेव्हा स्त्रियांच्या पेशींत फ्ल्यूच्या विषाणूची वाढ मंदावली, पुरुषांच्या पेशींत मात्र तसे झाले नाही.

इथवरचा कौल पुरुषांच्या बाजूने दिसतो, पण खरी गोम पुढेच आहे. ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. संसर्ग झालेल्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या फुगून नाक चोंदते, त्यांतून द्रव पाझरून नाक गळते आणि ब्रॅडिकायनिनसारख्या द्रव्यांमुळे घसा खवखवतो. म्हणजे आपण ज्याला सर्दी म्हणतो तो बव्हंशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा परिणाम असतो. मग ज्याचा प्रतिकार जोरकस त्याचा त्रास कमी, हे गृहीत कसे धरायचे? उलटही असू शकेल. शिवाय ऑस्ट्रेलियातील प्रयोगात आढळलेला फरक प्रतिकारशक्तीच्या त्या शाखेतला होता, जी सावकाश कामाला लागते आणि तोच विषाणू पुन्हा आल्यावर अधिक उपयोगी पडते. पहिल्या दोन-तीन दिवसांत कोण किती कण्हतो, याचे उत्तर त्यात नाही.

माणसांवरची थेट निरीक्षणे हवी असतील, तर इंग्लंडमधील सॉल्सबरीजवळच्या, १९४६ मध्ये सुरू झालेल्या सर्दी संशोधन केंद्राकडे वळावे लागते. तिथे स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे थेंब सोडून त्यांना दोघा-तिघांच्या गटांत इतरांपासून अलग ठेवत, आणि त्यांनी दिवसभरात वापरलेले कागदी रुमाल चक्क मोजत. या केंद्रातील सुमारे १७०० स्वयंसेवकांच्या नोंदींचे विश्लेषण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. निरीक्षकाने ठरवलेल्या तीव्रतेपेक्षा आपली सर्दी जास्त असल्याचे सांगण्याकडे पुरुषांचा कल स्त्रियांपेक्षा अधिक होता. हा निकाल बायकांच्या तक्रारीला दुजोरा देतो खरा, पण तोही निर्णायक मानू नये, असे मला वाटते. समोरचा रुग्ण पुरुष आहे की स्त्री, हे निरीक्षकाला दिसतच असते. आणि नाकातला शेंबूड मोजता आला, तरी डोकेदुखी आणि अंगातली कणकण बाहेरून मोजता येत नाही.

गंभीर आजारांची गोष्ट निराळी आहे. कोव्हिडच्या साथीत बहुतेक देशांत पुरुषांचा मृत्युदर स्त्रियांपेक्षा अधिक होता, आणि त्यामागे जैविक कारणांबरोबरच धूम्रपान आणि आधीपासूनचे हृदयविकारही होते. पण फुप्फुसात उतरणाऱ्या आजारातला हा फरक आठवडा-दहा दिवसांत आपोआप बऱ्या होणाऱ्या पडशाच्या खाती जमा करायला आजवरचे पुरावे पुरत नाहीत.