जुन्या बँडची रांग का वाढत जाते?

रविवार, २२ सप्टेंबर २०२४. दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या बँडच्या मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं ऑनलाइन विक्रीला आली आणि थोड्याच वेळात असंख्य घरांतल्या मोबाइलवर तुमच्या पुढे रांगेत किती लाख लोक आहेत, तो आकडा झळकू लागला. त्या दिवशी तिकिटांसाठी एक कोटीहून जास्त लोक आले होते, असं नंतर जाहीर झालं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आधी १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोनच कार्यक्रम ठरले होते. २१ तारखेचा तिसरा वाढवावा लागला आणि तोही हातोहात संपला. तिकिटांचे दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते.

हा बँड लंडनमध्ये जमला १९९७ साली. २०१६ मध्ये तो बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर येऊनही गेला होता. म्हणजे नवलाई म्हणावी असं त्यात काही उरलेलं नव्हतं. १९८५ मध्ये सुरू झालेला गन्स अँड रोझेस २०१२ नंतर पुन्हा मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. यूटू हा १९७६ चा बँड, त्याने डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळचं हेच स्टेडियम भरवलं. बाजारात सहसा जुन्या मालाची मागणी ओसरते. पाच वर्षांपूर्वीचा मोबाइल कोणी रांग लावून घेत नाही. मग पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गाणी पुन्हा एकदा समोर उभं राहून ऐकण्यासाठी दर फेरीला आधीपेक्षा जास्त माणसं का येतात? ‘जुनं ते सोनं’ म्हटल्याने याचं उत्तर मिळत नाही, कारण त्याच काळातले शेकडो बँड आज कोणाला आठवतही नाहीत.

उत्तराचा गाभा मला एका साध्या गणितात दिसतो. समजा, एखाद्या बँडला दरवर्षी १ लाख नवे चाहते मिळतात आणि असलेल्यांपैकी १० टक्के दरवर्षी गळतात. चाहत्यांचा हा साठा वाढत वाढत १० लाखांपाशी थांबतो, कारण तिथे येणारे आणि जाणारे सारखे होतात. २८ वर्षांनी तो सुमारे साडेनऊ लाखांवर पोचलेला असतो, म्हणजे वाढ जवळपास संपलेली. आता आवक तेवढीच ठेवून गळती फक्त २ टक्के धरा. २८ वर्षांनी साठा साडेएकवीस लाखांच्या वर गेलेला असतो आणि पुढेही कित्येक दशकं चढतच राहतो, कारण त्याची मर्यादा आता ५० लाख आहे. नवं एकही गाजलेलं गाणं न देता, नव्या चाहत्यांचा ओघ तिळभरही न वाढता ही वाढ होते. सगळी किल्ली गळतीच्या दरात आहे. आणि काही गाण्यांच्या बाबतीत हा दर इतका कमी का राहतो, हे मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने बरंच उलगडलं आहे.

साठी-सत्तरीतल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्या सगळ्या वर्षांत सारख्या विखुरलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा तिथे ठळक उंचवटा दिसतो. या काळात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, आपण कोण आहोत हे ठरत असतं, भावनांना धार असते. त्या वेळी कानावर पडलेली गाणी त्या अनुभवांसोबतच कोरली जातात. भारतात १९९१ नंतर केबलवरून एमटीव्ही घरात आला. त्या काळात गिरगाव, दादर, डोंबिवलीत कॉलेजात असलेली आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन कॅसेट चाळणारी पिढी आज पन्नाशीला टेकली आहे. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, पण त्या गिऱ्हाइकांच्या डोक्यातली गाणी तशीच आहेत. शिवाय तेव्हा खिशात नसलेले पैसे आता आहेत.

एवढंच असतं तर रांगेत फक्त पन्नाशीचेच लोक दिसले असते. नेरूळला तसं चित्र नव्हतं. बँडच्या पहिल्या अल्बमनंतर जन्मलेली मुलं तिथे शब्द न् शब्द म्हणत होती. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन इथे उपयोगी पडतं. त्यांनी विशीच्या आसपासच्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली, दर वर्षीची अमेरिकेतली सर्वांत गाजलेली दोन-दोन गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी त्यांच्या आठवणी जोडलेल्या असणार, हे अपेक्षितच होतं. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांपाशीही एक उंचवटा निघाला. हे त्या तरुणांच्या आईवडिलांच्या तारुण्याचे दिवस. त्याही मागे, १९६०च्या दशकात, आणखी एक उंचवटा होता. आईवडील घरात, गाडीत जे लावतात ते लहान मुलांच्या कानात झिरपतं आणि ते मूल मोठं झाल्यावर त्याला आपलंच वाटू लागतं. हा वारसा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. गणिताच्या भाषेत सांगायचं तर गळती कमी आहेच, वर आवकही घरातूनच चालू आहे. मोबाइलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपने त्यात भर घातली. पूर्वी जुना अल्बम दुकानातून गायब व्हायचा, आता १९८७ चं गाणं आणि काल आलेलं गाणं एकाच बोटाच्या अंतरावर असतात.

ओळखीचं गाणं पुन्हा पुन्हा हवंसं का वाटतं, हेही पाहायला हवं. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी तिच्याबद्दल आवड वाढते. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये पॉप आणि रॉक गाण्यांचे तुकडे ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले. मेंदूतली भावनांची आणि सुखाची केंद्रं आवडीपेक्षाही ओळखीने जास्त उजळत होती. त्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये व्हॅलरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ऐकताना अंगावर काटा येतो असं संगीत लोकांना स्वतःलाच निवडायला सांगितलं. काटा येण्याच्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवत होतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, ‘आता ती जागा येणार’ या अपेक्षेच्या काळात, दुसऱ्याच एका भागात ते स्रवायला लागलेलं होतं. गाणं पाठ असल्याशिवाय ही अपेक्षा निर्माणच होत नाही.

मराठी प्रेक्षकाला हे कोणी प्रयोगशाळेतून सांगायची गरज नव्हती. संगीत नाटकाच्या काळात लोक तेच पद त्याच नटाकडून ऐकायला पुन्हा पुन्हा येत आणि ‘वन्समोअर’ देत. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत एकत्र ‘मानापमान’ केलं. त्यातली पदं मराठी घराघरांत आधीच पाठ झालेली होती. तरीही त्या प्रयोगासाठी लोटलेल्या गर्दीची गोष्ट शंभर वर्षांनंतरही सांगितली जाते. केशवराव त्याच वर्षी गेले.

पण गाणं पाठ आहे आणि मोबाइलमध्येही आहे, तर मग हजारो रुपये मोजून स्टेडियमवर कशाला जायचं? रेकॉर्डिंग आणि प्रत्यक्ष कार्यक्रम शरीराला सारखे लागत नाहीत, म्हणून. गेल्या काही वर्षांत यावर फार चांगलं काम झालं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून बांधलेलं एक सभागृहच आहे. तिथे एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात संशोधकांनी ८ ते ३७ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं करणारे, अतिखर्ज स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून ऐकतो, त्यामुळे यातला काही भाग ऐकू येण्याच्याही खालचा होता. स्पीकर कधी चालू असतात, हे वेगळ्या चाचणीत लोकांना ओळखता आलं नाही. पण कार्यक्रमात ते चालू असताना लोक ११.८ टक्के जास्त हलत होते. त्वचा आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ही कंपनं टिपत असावी आणि आपल्याला पत्ता लागायच्या आत पाय थिरकायला लागतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचल्यावर इअरफोनने काम का भागत नाही ते कळतं. त्या इवल्याशा पडद्याकडून ही कंपनं छातीपर्यंत पोचत नाहीत.

झुरिकमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्याही पुढे जातो. स्कॅनरमध्ये पडलेल्या श्रोत्यांसाठी पियानोवादक बाहेर बसून वाजवत होते. श्रोत्याच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांच्या केंद्रात काय चाललंय ते त्यांना त्याच क्षणी दिसत होतं आणि त्यानुसार ते वाजवण्यात बदल करत होते. तीच रचना रेकॉर्ड करून ऐकवली तेव्हा अमिग्डालाचा प्रतिसाद एवढा वाढलेला आणि सातत्याचा नव्हता. गायक आणि श्रोता यांच्यात काहीतरी दोन्ही बाजूंनी वाहतं, असं आपले बुजुर्ग म्हणत आले आहेत. त्याची खूण इथे मेंदूत दिसली.

तिसरी गोष्ट गर्दीची. बर्लिनमधल्या कार्यक्रमांत १३२ श्रोत्यांच्या अंगावर संवेदक लावून केलेल्या अभ्यासात त्यांचे हृदयाचे ठोके आणि त्वचेतले बारीक विद्युत बदल एकमेकांच्या तालात जाताना आढळले, तेही शांत बसून ऐकायच्या अभिजात संगीतात. स्टेडियममध्ये तर हजारो लोक एकत्र गातात आणि एकत्र उड्या मारतात. एकत्र गाणाऱ्या, एका तालात नाचणाऱ्या माणसांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढते, हे रॉबिन डन्बार आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. शरीरात एंडॉर्फिन हे वेदना शमवणारं रसायन स्रवल्याची ती खूण मानली जाते. गणपतीच्या आरतीत, टाळ्यांचा ठेका चढत गेल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाबद्दलही जी जवळीक वाटते, तीच ही. आणि सगळ्यांना सगळे शब्द येत असतील तरच ती जमते. वीस वर्षं लोकांच्या ओठांवर मुरलेल्या गाण्यांना इथे नव्या गाण्यांपेक्षा मोठा फायदा मिळतो.

आता गणिताची दुसरी बाजू. चाहते साठत जातात, पण कार्यक्रमांच्या रात्री साठवता येत नाहीत. रेकॉर्डच्या कोट्यवधी प्रती काढता येतात, बँड मात्र एका रात्री एकाच गावात असतो. मोठी स्टेडियम, मोठे पडदे, मनगटावर चमकणारे पट्टे यांनी एका रात्रीत जास्त माणसं सामावली जातात. अहमदाबादला त्याच दौऱ्यात एका रात्री लाखाहून जास्त लोक होते आणि मुंबईहून तिथे जायला पश्चिम रेल्वेने खास गाड्या सोडल्या होत्या. पण मुंबईत एवढं मोठं स्टेडियम नाही, लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे आणि पावसाळ्याचे चार महिने उघड्या मैदानावर असा कार्यक्रम ठरवता येत नाही. त्यात वय. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा मिक जॅगर एकोणसाठ वर्षांचे होते आणि ‘हे शेवटचंच’ असं तेव्हाही वाटत होतं. त्यांनी २०२४ मध्येही दौरा केला, पण ड्रमवर बसणारे चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेले. प्रत्येक वर्षी उरलेल्या रात्री कमी होतात आणि ऐकायचे राहिलेले लोक वाढतात. २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवला गेला. त्याने ही तहान भागली असेल असं मला वाटत नाही. वर सांगितलेल्या प्रयोगांवरून तर ती वाढलीच असावी.

या सगळ्यात गुणवत्तेचा वाटा किती? मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये अनोळखी बँडची ४८ गाणी १४,००० हून जास्त लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटून, आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तो आकडाही दाखवला होता. आकडे दिसल्यावर गाजलेली गाणी जास्तच गाजली, आणि आठ गटांत वेगवेगळी गाणी वर आली. उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, सुमार सहसा वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. ‘तुमच्या पुढे इतके लाख’ हा मोबाइलवरचा आकडा नेमकं हेच काम करतो. पाच मिनिटांपूर्वी तिकिटाबद्दल उदासीन असलेला माणूसही त्या आकड्याकडे बघून रांगेत उभा राहतो.

म्हणून मला काळजी वाटते ती आज विशीत असलेल्या आपल्याकडच्या बँडची. चांगलं असणं ही पात्रता झाली, त्यानंतर सुरुवातीचे काही हजार कान मिळावे लागतात. मुंबईत ते मिळायची एक हक्काची जागा होती, धोबी तलावाजवळ सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं रंगभवन. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’मध्ये शहरातले आणि शहराबाहेरचे नवे बँड तिथे उघड्या आकाशाखाली वाजवत. रुग्णालयं, न्यायालयं आणि शाळा-कॉलेजांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर तेव्हा शांतता क्षेत्र ठरायचा, आणि रंगभवन अशाच परिसरात आहे. तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. रुग्णांची झोप महत्त्वाची आहेच. पण त्या बदल्यात, लोकल स्टेशनपासून चालत जाता येईल आणि दोन-अडीच हजार माणसं स्वस्तात उभी राहतील असं दुसरं खुलं व्यासपीठ या शहराने नव्या बँडसाठी अजून बांधलेलं नाही.