‘पिक्चर कसाय?’: ४८ तासांच्या वादामागची गोष्ट

मार्च २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एक अहवाल आला. सिनेमा लागल्यापासून पहिले ४८ तास व्हिडिओ समीक्षकांनी त्यावर मत देऊ नये, असं न्यायालयाने सल्ल्यासाठी नेमलेल्या वकिलाने, म्हणजे न्यायमित्राने, त्यात सुचवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने थिएटरमालकांना सांगितलं की, यूट्यूबवाल्यांना आवारात पाऊल ठेवू देऊ नका, खेळ सुटल्यावर प्रेक्षकांच्या तोंडापुढे माइक धरू देऊ नका. पाठोपाठ पहिले तीन दिवस समीक्षाच नको, अशी याचिका मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सरसकट मनाई काही केली नाही.

मोबाइल आला आणि हा तंटा उपटला, असं समजणं सोपं आहे. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्याला दारातच ‘कसाय?’ विचारण्याची खोड आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे, आणि त्या उत्तराची निर्मात्यांना वाटणारी धास्तीही तेवढीच जुनी. बदललाय तो फक्त वेग. एके काळी सिनेमाला लोकांच्या मतावर उठायला किंवा पडायला महिने मिळत. आता निर्माते कोर्टात जाऊन दोन-तीन दिवस मागतात.

सुरुवातीला तर मत द्यायची तऱ्हाच और होती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, तिकीट एक रुपया. नंतर हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि स्वस्तातली तिकिटंही निघाली. ते खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेराच मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. पुढे गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि आपल्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनीच १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. लगेच पत्नीलाही तोच खेळ दाखवायला घेऊन गेले. आवडलेला पिक्चर घरच्यांना दाखवल्याशिवाय चैन न पडणारी मंडळी प्रत्येक कुटुंबात असतात. फाळके त्यांचे मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो या पाहण्यातूनच.

लोक सिनेमा पाहून काय म्हणतात, याची सरकारला पहिली मोठी काळजी लागली ती १९२७ साली. ब्रिटिश सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने ४,३२५ प्रश्नावल्या वाटल्या आणि ३५३ साक्षी घेतल्या. एक प्रश्नावली गांधीजींनाही गेली. त्यांनी कळवलं की, मी सिनेमाला कधी गेलेलोच नाही, पण बाहेरच्याला दिसतं त्यावरून त्याने केलेलं नुकसान उघड आहे. भलं काही केलं असेल तर ते अजून सिद्ध व्हायचंय. न पाहता मत देणाऱ्यांची परंपरा केवढी थोर आहे, हे यावरून ध्यानात यावं. पुढे १९३९ साली पत्रकार-लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी याच मुद्द्यावर गांधीजींना जाहीर पत्र लिहिलं, आणि ते छापून आलं ‘फिल्मइंडिया’त.

‘फिल्मइंडिया’ म्हणजे बाबूराव पटेल. पालघरजवळच्या मासवणचा हा माणूस १९३५मध्ये मुंबईतून इंग्रजी मासिक काढतो आणि बघता बघता सिनेमावाल्यांच्या उरात धडकी भरवतो. त्यांची समीक्षा एकतर डोक्यावर घ्यायची, नाहीतर पायदळी तुडवायची. मधला रस्ता त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांच्या लिखाणाने संतापलेल्या अभिनेत्री शांता आपटे छडी घेऊन थेट कचेरीत शिरल्या, हा किस्सा आजही चवीने सांगितला जातो. माझ्या मते मात्र बाबूरावांचं मोठं काम समीक्षेत नाही, वाचकांच्या सदरात आहे. देशभरातून लोक त्यांना प्रश्न पाठवत आणि ते एकेका ओळीत उत्तरं फेकत. बरेचसे प्रश्न आचरट, उत्तरं त्याहून आचरट. पण गावोगावच्या साध्या प्रेक्षकाला आपलं म्हणणं छापील पानावर दिसू लागलं. १९५४ साली फिल्मफेअरची बक्षिसं सुरू झाली तेव्हा विजेते वाचकांच्या मतांवर ठरले, त्यामागची हवा हीच होती. मराठीत ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकांनी हा वाचक आणखी खोलवर, तालुक्यापर्यंत पोचवला.

तरीही छापील मताने सिनेमा चालला किंवा पडला, असं क्वचितच झालं. तो चालायचा तोंडोतोंडी, आणि त्याला कारण होतं वितरणाची रीत. प्रिंट, म्हणजे सिनेमाच्या रिळांची प्रत, महाग असे, म्हणून मोजक्याच काढत. मोठ्या शहरांत सिनेमा आधी लागे. जिल्ह्याच्या गावी काही महिन्यांनी, तालुक्याला त्याहून उशिरा, आणि जत्रेतल्या तंबूत येईतो रिळावर रेघोट्यांचा पाऊस पडत असे. शहरातसुद्धा कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवत. इकडचं रीळ संपलं की डबा सायकलला लावून पोऱ्या तिकडे पिटाळायचे. वाटेत सायकल पंक्चर झाली की तिकडच्या पब्लिकच्या शिट्ट्या सुरू. अशा संथ कारभारात मत सिनेमाच्या पुढे धावायचं. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी आला की पिक्चरची गोष्ट मारामाऱ्यांसकट सांगायचा. प्रत्यक्ष सिनेमा गावात येईपर्यंत त्याचं काय करायचं, हे गावाने ठरवून टाकलेलं असायचं.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथे ५७ आठवडे चालला. वर्षभर एकाच थिएटरात लोक येत राहतात याचा अर्थ पाहून गेलेले दुसऱ्यांना धाडत होते, आणि स्वतःही परत येत होते. आठवडे मोजण्याची आपली सगळी भाषा याच काळातली. पोस्टरवर ‘सहावा आठवडा’ची चिठ्ठी डकवायची, पंचविसाव्याला रौप्यमहोत्सव, पन्नासाव्याला सुवर्णमहोत्सव. तिकीटबारीबाहेर आणखी एक मापक उभा असे, ब्लॅकवाला. शुक्रवारी पाचाचे पंधरा सांगणारा गडी सोमवारी ‘पाच का पाच’ म्हणत मागे लागला, की पिक्चर पडला हे कळायला पेपर उघडावा लागत नसे.

लोकांच्या मताला वेळ मिळाला म्हणजे काय होतं, हे ‘शोले’इतकं दुसऱ्या कशातून दिसत नाही. १५ ऑगस्ट १९७५ला तो लागला आणि धंद्यातल्या जाणकारांनी त्याला पहिल्याच आठवड्यात डब्यात घातलं. निर्माते इतके हबकले की अमिताभला शेवटी जिवंत ठेवून शेवट नव्याने चित्रित करावा का, यावर बैठक झाली. नंतर वरळीच्या गीता थिएटरच्या व्यवस्थापकाने दिग्दर्शक रमेश सिप्पींना धीर दिला, असं सांगतात: ‘काळजी करू नका, पिक्चर चालणार.’ कशावरून? तर मध्यंतरात थंड पेयं आणि आइस्क्रीम खपत नव्हतं. लोक सुन्न होऊन खुर्चीतच बसून राहत होते! प्रेक्षकांच्या मताचं इतकं अचूक वाचन कुठल्या समीक्षकाने केल्याचं मला आठवत नाही. लोक संवाद पाठ म्हणतायत हे ध्यानात आल्यावर पॉलिडोर कंपनीने संवादांची तबकडी काढली, आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात हा सिनेमा पाच वर्षं हलला नाही. आज तो लागला असता तर त्या पहिल्या शनिवार-रविवारीच त्याचा पंचनामा उरकला असता.

दादा कोंडक्यांचा हिशेब याहून सरळ. ‘सोंगाड्या’पासून ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी. विद्वानांनी नाकं मुरडली, आणि त्यांच्याच घरची माणसं मॅटिनीला जाऊन आली. दादांबद्दलचं खरं मत लोक पेपरात कळवत नसत, हळूच कानात सांगत.

सिनेमावर जरा बूड टेकून बोलावं, नुसतं ‘पैसा वसूल’ किंवा ‘डोक्याला ताप’ म्हणून उठू नये, असं वाटणारेही होते. १९४७मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, म्हणजे सभासदांनी मिळून चांगले सिनेमे पाहायचे आणि त्यावर चर्चा करायची. १९५९मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला, अध्यक्ष रायच. मुंबईत फिल्म फोरममध्ये बासू चटर्जी आणि अरुण कौल होते, आणि १९६८मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. सुधीर नांदगावकरांनी ते कित्येक वर्षं नेटाने चालवलं, आणि मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकामुळे मराठीत सिनेमावर गंभीरपणे लिहायला हक्काची जागा झाली. पुण्यात तर प्रभात स्टुडिओच्याच आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांनी रसास्वादाचे वर्ग घेऊन सिनेमा कसा पाहावा हे शिकवलं. बँकेतले कारकून, शाळामास्तर, डॉक्टर रजा टाकून त्या वर्गांना बसत.

फिल्म सोसायटीला सेन्सॉरच्या बाबतीत सवलत असे. सभासदांपुरते परदेशी चित्रपट न कापता दाखवता येत. त्यामुळे काही सभासदांची कलासक्ती कुठून उपजली होती, यावर न बोललेलंच बरं. एखाद्या युरोपीय चित्रपटाला हॉल ओसंडून वाहायचा आणि नंतरच्या चर्चेला पहिल्या दोन रांगा उरायच्या. पण त्या दोन रांगांतूनच पुढचे समीक्षक, महोत्सवांचे आयोजक, क्वचित दिग्दर्शकही निघाले. इथल्या शिस्तीचा एक तोटाही झाला. जत्रेच्या तंबूतला प्रेक्षक आणि सोसायटीतला प्रेक्षक यांची गाठ फारशी कधी पडली नाही. दोघेही सिनेमावर तावातावाने बोलत होते, पण एकमेकांशी नाही.

नंतर टीव्ही आला, व्हिडिओ आला, आणि एकाच रात्री सगळ्यांनी एकच सिनेमा पाहून सकाळच्या लोकलमध्ये त्याची चिरफाड करायची सोय झाली. पण थिएटरच्या धंद्याला खरा धक्का बसला तो विसाव्या शतकानंतर, डिजिटल वितरणाने. प्रिंटचे डबे गेले. उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर सिनेमा लावता येऊ लागला. मग पंचवीस आठवडे कशाला हवेत? पहिल्या तीन दिवसांत गल्ला गोळा करायचा, लोकांनी एकमेकांना सांगण्याआधीच तिकिटं खपवायची, असा हिशेब निर्मात्यांनीच मांडला. पण लोकांचं मतही तेवढ्यात वेगवान झालं. मध्यंतरातच ‘येऊ नका’ असा निरोप ग्रुपवर पडू लागला. त्यामुळे केरळ-तमिळनाडूच्या निर्मात्यांची तक्रार ऐकताना हेही विसरता येत नाही की, शर्यत त्यांच्याच धंद्याने लावली होती. पैसे घेऊन झोडपणारे किंवा डोक्यावर घेणारे आहेतच, आणि त्यांचा बंदोबस्त व्हायला हवा, पण त्यासाठी तिकीट काढून आलेल्याचं तोंड बंद करायचं कारण नाही.

या घाईत सगळ्यात जास्त चेंगरतो मराठी सिनेमा. जाहिरातीला पैसा बेताचा, त्यामुळे भिस्त सगळी सांगोवांगीवर. ती फळते तेव्हा दणकून फळते. २०१६मध्ये ‘सैराट’च्या वेळी फळली. २०२३मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायकांचे घोळके ठरवून नऊवारी, गॉगल लावून आले, भिशीतली एक पाहून आली की पुढच्या रविवारी अख्खी भिशी. पण मल्टिप्लेक्समध्ये खेळ द्यायचे की काढायचे हे शनिवार-रविवारचे आकडे पाहून सोमवारी ठरतं. २०१५मध्ये राज्य सरकारने मराठी चित्रपटांना प्राइम टाइम देण्याचा नियम केला, वाद झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस धरली गेली. वेळेची सोय झाली, मुदतीची झाली नाही. लहान मराठी सिनेमाचा प्रेक्षक पेपर वाचून, शेजारणीला विचारून, मुलाला तिकीट काढायला सांगून बुधवारी तयार होतो. तोवर ठाण्यातला खेळ गेलेला असतो आणि उरलेला एकुलता एक सकाळी दहाला, विरारला.