एका केसाने पोट तुंबत नाही
परवा घणसोलीतल्या आमच्या शेजारची सातवीतली मुलगी रडवेली होऊन आली. डब्यातल्या भाजीबरोबर केस गिळला गेला होता. "काकू, आता ऑपरेशन करावं लागेल?" पोटातून काढलेल्या केसांच्या गोळ्याचा व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिला होता. नाही गं, एखादा केस शौचातून निघून जातो. गोळा होतो तो स्वतःचेच केस उपटून महिनोन्‌महिने गिळणाऱ्यांच्या पोटात, आणि त्यात बहुतेक किशोरवयीन मुलीच असतात.

मटण जिरवणारं पोट केसापुढे हात का टेकतं? केस म्हणजे केराटिन. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. केस जळल्यावर उग्र वास येतो तो या गंधकामुळेच. आपल्या पाचकरसांना हे टाके उसवता येत नाहीत. पार्लरमध्ये कायमचे केस सरळ करणारं क्रीम नेमके हेच टाके तोडतं. लोकरी कपड्यांना लागणारी कसरही ते आपल्या आतड्यात तोडते!

बरं, पचला नाही तरी पुढे का सरकत नाही? जठर अन्न घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण पुढे सोडतं. मागे राहिलेल्या बिया, साली उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी येणारी आकुंचनाची लाट झाडून नेते. एखादा केस निघून जातो, पण सतत गिळत राहिलं की एखादा या झाडूलाही सापडत नाही. लांब, बारीक, गुळगुळीत. तो निसटून जठराच्या वळ्यांत अडकतो, मग त्यात दुसरा गुंततो. बाथरूमची जाळी उचलून बघा, केस आणि साबणाचा चिकट बोळा दिसेल. जठरात साबणाच्या जागी बुळबुळीत स्राव आणि तेलतूप. घुसळून घुसळून त्याचा नमद्यासारखा (दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखा) गोळा होतो, हुबेहूब जठराच्या आकाराचा. कधी त्याची शेपटी लहान आतड्यात उतरते. या प्रकाराचं वर्णन १९६८ साली झालं, आणि परीकथेतल्या लांब केसांच्या मुलीवरून त्याला 'रापुन्झेल सिंड्रोम' म्हणतात.

उलटीत केस दिसले की करणी समजून पोरीला बाबाकडे नेणारे आजही आहेत. ही करणी नाही. केस उपटणं हा मनाचा आजार आहे, आणि दम देऊन तो थांबत नाही.

दोन घासांत पोट भरतं, उलट्या होतात, वजन उतरतं, बरगड्यांखाली टणक गोळा हाताला लागतो. केस उपटून डोक्यावर पडलेल्या चट्ट्यांना मात्र चाई समजून घरचे तेल चोळत असतात. मोठा गोळा दुर्बिणीतून सहसा निघत नाही, पोट उघडूनच काढतात. टाके सुकल्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं नाही, तर तोच गोळा पुन्हा धरू शकतो.