अप्रेंटिसचं विद्यावेतन वेगळं, ज्युनियर वकिलाचं वेगळं

"सनद मिळाली की सरकार महिन्याला वीस हजार देतं म्हणे, फॉर्म कुठे भरायचा?" लॉच्या मुलांच्या ग्रुपवर हा प्रश्न सतत येतो (सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना). त्याखाली कुणीतरी अप्रेंटिसशिप पोर्टलची, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या सरकारी संकेतस्थळाची, लिंक टाकतं आणि गोंधळ दुप्पट होतो. असा फॉर्म नाही. वीस हजारांचा आकडा एका ठिकाणचा आहे आणि पोर्टल भलत्याच ठिकाणचं.

ज्युनियरशिप, म्हणजे सीनियर वकिलाच्या हाताखाली काम शिकणं, तुम्हाला सांगायला नको. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघायचा, तारीख घ्यायची, सर्टिफाइड कॉपीसाठी खिडकीशी उभं राहायचं, संध्याकाळी सीनियरच्या चेंबरमध्ये, म्हणजे कार्यालयात, ड्राफ्टिंग. अप्रेंटिसही काम करता करताच शिकतो आणि त्यालाही मिळतं ते विद्यावेतनच. दोघांचे कायदेही, अप्रेंटिसेस ॲक्ट आणि ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 चेच. रक्कम नि मुदत निरनिराळी आहे, पण तो फरक किरकोळ. सरकारी पैशाचं अडतं ते करारापाशी.

अप्रेंटिसचा आस्थापनेशी, म्हणजे त्याला घेणाऱ्या कंपनीशी किंवा कारखान्याशी, लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी होते. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 4 ते 29 माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. किमान विद्यावेतन नियमांत ठरलेलं असतं. 2019 च्या सुधारित नियमांनी पदवीधरासाठी ते 9,000 रुपये केलं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा उचलतं, पण महिन्याला 1,500 रुपयांच्या वर नाही. 9,000 चे 25 टक्के 2,250 होतात. तरी उमेदवाराच्या खात्यात सरकारकडून 1,500 च येतात, उरलेले 7,500 आस्थापनेने द्यायचे. सरकारचा पैसा असा नोंदलेल्या कराराच्या मागून चालतो.

आता सीनियरचं चेंबर बघा. सीनियर, दोन ज्युनियर, एक क्लार्क. नोंदलेला करार नाही, विद्यावेतन तोंडी ठरलेलं. मग सरकार वाटा उचलणार कशातला? 20,000 चा आकडा आला तो बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकातून: शहरात महिन्याला किमान 20,000, ग्रामीण भागात 15,000, निदान तीन वर्षं. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय ते द्यायचे सीनियरने किंवा फर्मने, स्वतःच्या खिशातून. सरकारी तिजोरीचा त्यात एक रुपयाही नाही. "बार कौन्सिलची योजना" असं कुणी लिहिलं की माझा संताप होतो, कारण "योजना" या एका शब्दापायी मुलं सीनियरशी बोलायचं सोडून पोर्टल धुंडाळत बसतात.

वकिलीत अप्रेंटिससारखी चौकट का नाही, याला इतिहास आहे. मूळ ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षेची अट होती. 1973 च्या दुरुस्तीने ती काढली. बार कौन्सिलने 1995 मध्ये नियम करून एका वर्षाचं प्रशिक्षण पुन्हा आणलं, आणि 1999 मध्ये व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. तेव्हापासून पदवी हातात आली की थेट सनदेचा मार्ग मोकळा आहे. म्हणजे ज्युनियर कायद्याने पूर्ण वकील असतो, शिकाऊ नव्हे. प्रतिष्ठेला हे चांगलं, पण शिकाऊ उमेदवारांसाठी ठेवलेला पैसा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मुंबईतली सॉलिसिटर होण्यासाठीची आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालचं प्रशिक्षण, रीतसर असते, पण तीही अप्रेंटिसेस ॲक्टच्या बाहेरची.

काही राज्यांनी तिसरी वाट काढली. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये नव्या वकिलांसाठी पहिल्या तीन वर्षांना महिना 5,000 रुपयांची योजना आणली, तामिळनाडूने 2020 मध्ये दोन वर्षांसाठी 3,000 ची. ही राज्याची थेट मदत; ती मिळाली म्हणून सीनियरची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्रातली 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणखी वेगळी. तिच्यात पदवीधराला महिना 10,000 ठरले, पण ते आस्थापनेतल्या ठरावीक मुदतीच्या प्रशिक्षणाचे. तिची जाहिरात "वकिलांना स्टायपेंड" म्हणून फिरवू नका.

माझं मत ठाम आहे: पहिल्या तीन वर्षांत राज्याने पैसे द्यावेत, आणि ज्याची प्रॅक्टिस जोरात आहे त्या सीनियरने सरकारची वाट न बघता द्यावेत. "शिकायला मिळतंय ना" हे उत्तर मला मान्य नाही. नाशिकहून मुंबईत आलेल्या मुलीला खोलीचं भाडं दर महिन्याला भरावंच लागतं, आणि घरून पैसे येत नसतील तर ती कोर्ट सोडून नोकरी धरते.

तेव्हा चेंबर धरताना 2024 चं परिपत्रक सोबत न्या आणि नेमणुकीचं पत्र मागा. ते द्यावं असं त्यातच म्हटलंय. रक्कम, मुदत आणि कामाच्या वेळा पत्रात लिहून घ्या. आणि एखाद्या कंपनीने विधी विभागात अप्रेंटिस म्हणून घेतो म्हटलं, तर कराराचा नोंदणी क्रमांक विचारा. तो नसेल तर सरकारी वाटाही येणार नाही.