टोमणे, कॉर्टिसॉल आणि जवळचं एक माणूस

‘थोडी लाज वाटलीच पाहिजे, नाहीतर धाक कसा राहणार?’ कोवळ्या वयात, नको असताना दिवस गेलेल्या मुलीचा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसंही हे सहज बोलून जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज असा : कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख गर्भधारणा होतात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या अनियोजित असतात. धाक कुठे कमी पडलाय असं वाटत नाही! लाज एकच काम चोख करते, मुलीला गप्प बसवते. गर्भाची मज्जानलिका, जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, पहिल्या २८ दिवसांतच मिटते, त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड हवं असतं. आणि इथे पाळी चुकल्याचं घरात सांगायलाच महिने लागतात.

या गप्प बसण्यामागे शरीरात जे चालतं, ते फार विलक्षण आहे. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. मख्ख चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर उभं राहून भाषण करायचं, मग १०२२ मधून १३ वजा करत जायचं, तेही मोठ्याने. चुकलात की पुन्हा १०२२ पासून. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं तर ते दुप्पट ते चौपट झालेलं! पुढे दुसऱ्या एका प्रयोगात तीच कामं कोणी बघत नसताना करायला दिली, तेव्हा ही उसळी आली नाही. म्हणजे गणित अवघड नव्हतं, नजर अवघड होती. आपल्या मुलीपुढचे परीक्षक तर काही मिनिटांनी उठूनही जात नाहीत.

एरवी शरीर हे सांभाळून घेतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक निघतं, त्याच्या सांगण्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, आणि त्यामुळे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ते मेंदूला थांबायला सांगतं. टाकी भरल्यावर फ्लोट वर येऊन पाणी बंद होतं, तसं. गरोदरपणात मात्र वारही (प्लॅसेंटा) सीआरएच बनवते, आणि तिथे सगळं उलटं चालतं : कॉर्टिसॉलमुळे वारेतलं सीआरएच कमी होत नाही, वाढतं. त्याची वाढलेली पातळी आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. याच वारेत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलून बाळापर्यंत जाऊ देत नाही.

म्हणूनच ‘तू टेन्शन घेतलंस, आता बाळाचं काही खरं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आईने भलतंसलतं पाहिलं की बाळाच्या अंगावर डाग उमटतो, या समजुतीचीच ही सुशिक्षित बहीण. संबंध आहे, शिक्षा ठरलेली नाही.

ही उसळी खाली कशी आणायची? २००३ च्या एका प्रयोगात ट्रियरच्याच चाचणीआधी, तयारीच्या वेळेत, काहींना जवळच्या मित्राची सोबत दिली. त्यांचं कॉर्टिसॉल एकट्याने तयारी करणाऱ्यांपेक्षा कमी वाढलं. हे सगळे पुरुष होते, गरोदर मुली नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं.

प्रत्यक्ष आयुष्यातला पुरावा थोडा खडबडीत आहे. अमेरिकेतल्या एल्मायरा गावात संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पहिलटकरणींच्या घरी नियमित नर्स पाठवल्या. १४ ते १६ वयाच्या मुलींच्या बाळांचं जन्मवजन सरासरी जवळजवळ ४०० ग्रॅमनी जास्त भरलं. लोक हरखून गेले. मग इंग्लंडमध्ये १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे १,६०० मुलींवर अशीच योजना तपासली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, आणि जन्मवजनात फरक दिसला नाही. तिथे सुईणी आणि आरोग्यसेविका सगळ्यांनाच मिळतात, नव्या नर्सने आणखी किती भर घालायची?