टेलर स्विफ्टच्या वडिलांनी खरंच कंपनी विकत घेतली होती का?

‘बापाने रेकॉर्ड कंपनीच घेऊन दिली, गाणी दुसऱ्यांनी लिहिली,’ हे अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टबद्दल वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही. ती कंपनी, म्हणजे बिग मशीन रेकॉर्ड्स, स्कॉट बोर्चेटा या संगीत-व्यावसायिकाने काढली. वडिलांचा त्यात जेमतेम ३ टक्के हिस्सा होता. घरी पैसा होता, हे मात्र खरं.

यशही लगेच आलं नाही. तिचा २००६चा पहिला अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड या लोकप्रियतेच्या मुख्य यादीत १९व्या क्रमांकावर दाखल झाला आणि पाचव्यावर पोहोचायला २००८ उजाडलं. त्यातली बरीच गाणी गीतकार लिझ रोझसोबत लिहिलेली आहेत. पण ‘अवर साँग’ तिचं एकटीचं! नववीत शाळेच्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं ते गाणं बिलबोर्डच्या कंट्री संगीताच्या यादीत सलग सहा आठवडे अव्वल राहिलं. तरी संशय थांबेना, तेव्हा २०१०च्या अल्बमची मूळ चौदाही गाणी तिने एकटीने लिहिली.