अभय मुदत व भरपाई, पिस्तूल-निर्बंधांतील

पिस्तूल व रिव्हॉल्वर बाळगण्याचे नियम कडक झाले, की परवान्यावर वर्षानुवर्षे कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र ठरलेल्या तारखेपासून बेकायदा होते. ते शस्त्र धारकाने कोणत्या मुदतीत, कोणाकडे आणि कशाच्या बदल्यात द्यावे, हे सांगणाऱ्या तात्पुरत्या तरतुदींचा विचार या नोंदीत केला आहे. त्यांची मुख्य अंगे दोन. अभय मुदतीत शस्त्र आणून देणाऱ्यावर ते बाळगल्याबद्दल खटला भरला जात नाही. भरपाईत जमा केलेल्या शस्त्राचे पैसे मिळतात. दोन्ही अनेकदा एकाच योजनेत येत असल्याने त्यांची सरमिसळ होते. अभय हा फौजदारी कायद्याचा विषय आहे, भरपाई हा मालमत्तेचा. परवानाधारकाला अभयाची गरज फक्त नव्या तारखेनंतरच्या काळापुरती असते. विनापरवाना शस्त्र बाळगणाऱ्याला अभय मिळाले तरी पैसे बहुधा मिळत नाहीत. जुन्या धारकांना हयातभर सूट देऊन केवळ नवी खरेदी थांबवणे हा तिसरा मार्गही काही देशांनी पत्करला आहे.

पूर्वेतिहास : मोबदला देऊन शस्त्रे गोळा करण्याची रीत नेमकी कोठे सुरू झाली याबाबत एकमत नाही. जपानमध्ये टोयोटोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा करण्याचा हुकूम काढला. या तलवारी वितळवून क्योतोतील महाबुद्धाच्या मंदिरासाठी खिळे करण्यात येतील आणि देणाऱ्याला त्याचे पुण्य परलोकातही लाभेल, असे त्यात म्हटले होते. पुण्याला मोबदला म्हणायचे तरच हा हुकूम या परंपरेत बसतो. रोख भरपाईची त्यात तरतूद नव्हती.

अधिक जवळचा दाखला स्कॉटलंडचा दिसतो. १७१५ चे जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांचे) बंड मोडल्यावर ब्रिटिश संसदेने हायलँड या डोंगराळ प्रदेशासाठी निःशस्त्रीकरणाचा कायदा केला (१७१६) आणि जमा होणाऱ्या शस्त्रांचे पैसे देण्याचे ठरवले. १७२४ मध्ये जनरल वेड याने राजाला सादर केलेल्या अहवालानुसार या कायद्याखाली अवघी २,६८५ शस्त्रे जमा झाली. त्यांतली बहुतेक मोडकी होती आणि त्यांपोटी सु. १३,००० पौंड दिले गेले होते. राजनिष्ठ घराण्यांनी चांगली शस्त्रे दिली, इतरांनी मात्र गंजलेला माल आणून, प्रसंगी हॉलंडमधून मागवून, सरकारच्या गळ्यात मारला असे सांगितले जाते. हॉलंडची गोष्ट कितपत खरी ते ठरवणे कठीण आहे. मोडक्या मालाला चढा भाव मिळाल्याचे मात्र अहवालातच नमूद आहे. दर शस्त्रामागे ठरवला आणि शस्त्राची अवस्था पाहिली नाही, तर लोक उत्तम शस्त्र घरी ठेवून टाकाऊ तेवढे आणून देतात. ही अडचण पुढच्या प्रत्येक योजनेत डोके वर काढते.

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये अभय मुदतींचा वारंवार वापर झाला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी आणलेली पिस्तुले घरोघरी पडून होती, ती काढून घेण्यासाठी १९४६ मध्ये अशी मुदत देण्यात आली. तीत भरपाई नव्हती.

ब्रिटन, १९९७-९८ : या विषयातील सर्वांत तपशीलवार आणि नंतर सर्वाधिक तपासली गेलेली योजना ही होय. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एका परवानाधारकाने १६ मुले व त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घालून ठार केले. चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड कलन यांनी सरसकट बंदीची शिफारस केली नव्हती. वापर नसताना पिस्तुलाचा एखादा भाग काढून वेगळा ठेवावा किंवा नळीत कुलूप बसवावे, ते शक्य नसेल तर एकाहून अधिक गोळ्यांची पिस्तुले व्यक्तींकडे ठेवू देऊ नयेत, असा त्यांचा रोख होता. सरकार त्यापुढे गेले. १९९७ च्या पहिल्या दुरुस्ती कायद्याने .२२ पेक्षा मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या, इंचांत) पिस्तुलांवर बंदी आली. सत्तांतरानंतर त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने .२२ ची पिस्तुलेही त्यात ओढली गेली. उत्तर आयर्लंडला हे कायदे लागू झाले नाहीत.

भरपाईसाठी महत्त्वाची तारीख १६ ऑक्टोबर १९९६ ही होती. त्या दिवशी कलन अहवाल प्रसिद्ध झाला आणि सरकारने आपला निर्णय जाहीर केला. त्या दिवशी किंवा त्याच्या लगेच आधी शस्त्र कायदेशीरपणे ताब्यात असलेला, अथवा तत्पूर्वी खरेदीचा करार केलेला धारकच भरपाईस पात्र ठरला. घोषणेनंतर कोसळलेल्या भावात पिस्तुले उचलायची आणि सरकारकडून पूर्ण किंमत वसूल करायची, या उद्योगाला त्यामुळे आळा बसला. मोठ्या बोअरची पिस्तुले जमा करण्यास १ जुलै ते ३० सप्टेंबर १९९७ आणि छोट्या बोअरसाठी फेब्रुवारी १९९८ अशी मुदत होती.

जमा करताना धारकाला तीन पर्यायांतून निवड करायची होती. पहिल्यात मोठ्या बोअरच्या पिस्तुलाला सरसकट १५० पौंड मिळत. कागदपत्रांची कटकट नव्हती. दुसऱ्यात सरकारने छापलेल्या यादीतला त्या बनावटीचा दर मिळे. तिसऱ्यात आपले पिस्तूल यादीतल्या दराहून मोलाचे आहे असे म्हणणाऱ्याने मूल्यांकन जोडून बाजारभाव मागायचा. जुने, झिजलेले पिस्तूल असणाऱ्याला पहिला पर्याय फायद्याचा होता, स्पर्धेसाठी खास बनवून घेतलेले पिस्तूल असणाऱ्याला तिसरा. तिसऱ्या पर्यायातील दावे एकेक करून तपासावे लागत, त्यामुळे तेथे वेळ लागणे ओघानेच आले.

पूरक साहित्याचा नियम याहून बारीक होता. बंदी आलेल्या शस्त्रासाठीच बनवलेल्या आणि इतर कोणत्याही कायदेशीर बंदुकीला उपयोगी न पडणाऱ्या वस्तूलाच भरपाई होती. या कसोटीने पिस्तुलाचे चामडी म्यान बसते. काडतुसे पुन्हा भरण्याचे यंत्र रायफलीच्या काडतुसांनाही चालत असेल तर बसत नाही, पण त्याच यंत्रात बसणारा केवळ पिस्तुलाच्या काडतुसाचा साचा बसतो. नेमबाजाच्या कपाटातली प्रत्येक वस्तू अशी पारखून घ्यावी लागली. क्लबांचे नुकसान आणि विक्रेत्यांचा बुडालेला धंदा यांना भरपाईत स्थान नव्हते.

एकंदर सु. १,६२,००० पिस्तुले व ७०० टन दारूगोळा जमा झाला आणि सु. ९.५ कोटी पौंड भरपाईपोटी गेले. १९९९ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला.

कायद्याने काही शस्त्रे वगळली होती : जनावरे मारण्याची साधने, शर्यत सुरू करण्याची पिस्तुले, १ जानेवारी १९४६ पूर्वी मिळालेली युद्धातील स्मृतिचिन्हादाखल शस्त्रे, १९१९ पूर्वीची ऐतिहासिक महत्त्वाची पिस्तुले आणि नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुका.

भरपाई हा हक्क आहे काय? : ब्रिटिश विक्रेत्यांनी हा प्रश्न स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात नेला. लिव्हरपूलच्या एका विक्रेता कंपनीचा अर्ज २००० मध्ये दाखल करून घेण्यायोग्य नाही असे ठरले. भावी नफ्यावर आधारलेले व्यवसायमूल्य ही संरक्षित मालमत्ता नव्हे आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी मालमत्तेच्या वापरावर नियंत्रण घालण्याबाबत राज्याला बरीच मोकळीक आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. भरपाईकडे राजकीय सोय म्हणून पाहणाऱ्या मताला यामुळे बळ मिळाले आणि तेच अधिक ग्राह्य वाटते.

ऑस्ट्रेलियात मात्र प्रश्न संविधानातच आहे. कलम ५१ (३१) नुसार संघराज्याला मालमत्ता संपादन करायची तर 'न्याय्य शर्तींवर'च करता येते. घटक राज्यांवर हे बंधन नाही, हे तेथील उच्च न्यायालयाने (देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाने) २००१ मध्ये एका खाणप्रकरणी स्पष्ट केले. शस्त्रविषयक कायदे राज्यांचे, पैसा प्रामुख्याने संघराज्याचा, अशी तेथील रचना आहे. पोर्ट आर्थर हत्याकांडानंतरची (२८ एप्रिल १९९६, मृत ३५) प्रसिद्ध खरेदी-योजना रायफली व शॉटगन यांची होती. पिस्तुलांची पाळी पुढे आली. ऑक्टोबर २००२ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात एका विद्यार्थ्याने दोघांना ठार केल्यावर २००३ चा राष्ट्रीय पिस्तूल खरेदी कायदा झाला. येथे बंदी सरसकट नव्हती, मापांवर होती : .३८ पेक्षा मोठा बोअर (काही स्पर्धा वगळून), स्वयंभारित पिस्तुलाची नळी १२० मिमी. पेक्षा किंवा रिव्हॉल्वरची १०० मिमी. पेक्षा आखूड, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन. नेमबाजीच सोडू पाहणाऱ्याला सर्व पिस्तुले देऊन भरपाई घेता येई. मात्र त्याला पाच वर्षे पुन्हा परवाना मिळणार नव्हता. सु. ७०,००० पिस्तुले जमा झाली. माप ठरवून बंदी घातली, की त्याच कारखान्याची किंचित लांब नळीची पिस्तुले भरपाईच्या पैशांतून घेता येतात, हा आक्षेप या योजनेवर तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्त आहे.

किमतीच्या मोजणीपुरता न्यूझीलंडचा दाखला द्यावा लागतो. तेथील २०१९ ची योजना अर्धस्वयंचलित बंदुकांची होती. तीत मूळ किमतीच्या ९५, ७० व २५ टक्के असे शस्त्राच्या अवस्थेनुसार तीन टप्पे होते. वेडच्या अहवालातील तक्रारीवर हा सर्वांत सरळ उपाय दिसतो.

अभयाची कायदेशीर मर्यादा : अभय म्हणजे माफी अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी ब्रिटनमध्ये ते बहुधा जमा करताना शस्त्र ताब्यात असल्याबद्दल खटला न भरण्याचे धोरण असते. शस्त्राची तपासणी होते आणि ते एखाद्या गुन्ह्यात वापरल्याचे निघाले, तर त्या गुन्ह्याला अभय नसते. याउलट उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघटनांसाठी १९९७ मध्येच झालेल्या शस्त्रत्याग कायद्यात खटल्यापासून संरक्षण होते, मिळालेली माहिती पुरावा म्हणून वापरता येत नव्हती आणि शस्त्राच्या न्यायवैद्यक तपासणीवरही निर्बंध होता. एकाच संसदेने एकाच वर्षी केलेली ही दोन अभये इतकी वेगळी आहेत.

अमेरिकेत अभय मुदत निघाली ती आत्मदोषारोपाच्या प्रश्नातून. नोंदणी न केलेल्या शस्त्राची नोंद करायला लावणे म्हणजे धारकाकडून गुन्ह्याची कबुली घेणे होय, या युक्तिवादावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९६८ मध्ये हेन्स खटल्यात आरोपीच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरच्या कायद्याने २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९६८ अशी तीस दिवसांची नोंदणी-मुदत दिली. तीत साधी पिस्तुले नव्हती. ही नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९३४ च्या कायद्याच्या मूळ विधेयकातून ती आधीच गळाली होती.

ब्राझीलच्या २००३ च्या निःशस्त्रीकरण कायद्याने शस्त्र आणून देणाऱ्याचा हेतू शुद्ध मानला आणि १०० ते ३०० रियालपर्यंत मोबदला ठेवला. मुदती वाढत गेल्याने वेगळाच पेच पडला : शस्त्र जमा करण्याची मुदत चालू असताना ज्याने ते जमा केले नाही, त्याच्यावर घरात शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लागतो का? तेथील न्यायालयांनी हा 'गुन्ह्याचा तात्पुरता लोप' मानला, पण घरी बाळगणे आणि अंगावर घेऊन फिरणे यांत भेद केला. क्रमांक खरवडलेल्या शस्त्रांबाबत हा लाभ २३ ऑक्टोबर २००५ पर्यंतच मिळेल, असे पुढे सूत्ररूपाने ठरवून देण्यात आले. योगायोगाने शस्त्रविक्रीवरील बंदी सार्वमतात फेटाळली गेली तो दिवसही हाच.

सूट देऊन गोठवणे : कॅनडाने १९९५ च्या कायद्यात १०५ मिमी. किंवा त्याहून आखूड नळीची, तसेच .२५ व .३२ बोअरची पिस्तुले निषिद्ध केली, पण आधीच्या नोंदणीकृत धारकांकडे ती राहू दिली. ऑक्टोबर २०२२ पासून तर पिस्तुलांची खरेदी-विक्री व हस्तांतरच गोठवले आहे. शस्त्र धारकाकडेच राहत असल्याने येथे भरपाईचा प्रश्न उद्‌भवला नाही. बाजार नसलेल्या वस्तूची किंमत काय, हा प्रश्न वारसांपुढे येतो. वॉशिंग्टन शहराने १९७६ मध्ये असाच मार्ग धरला होता. तो कायदा २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला.

भारत : शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे अशी मर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्तीने (१४ डिसेंबर २०१९ पासून) ती दोनवर आणली. मूळ विधेयकात एकच होते, विरोधामुळे दोन झाले. तिसरे शस्त्र एका वर्षात जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, सैन्यातील व्यक्तीने तुकडीच्या शस्त्रागारात जमा करायचे आणि वर्ष संपल्यावर ९० दिवसांत परवान्यातून त्याची नोंद कमी व्हायची, अशी व्यवस्था होती. मुदतीचा उपयोग येथे अभयासारखाच झाला. भरपाईची तरतूद नाही. शस्त्र विकून येईल तो पैसा धारकाचा. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी बनावटीच्या जुन्या रिव्हॉल्वरना एरवी चढी किंमत असते, पण असंख्य धारकांना एकाच वर्षात तिसरे शस्त्र काढायचे असेल तर भाव कोण ठरवणार हे उघड आहे. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढल्यावर कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता हिरावता येणार नाही असे सांगणारा अनुच्छेद ३००-अ एवढाच आधार उरतो. वारशाने आलेल्या शस्त्रांसाठीही दोनचीच मर्यादा आहे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची पिस्तुले ठाण्यात जमा करून घेतात ती पद्धत यापेक्षा निराळी. तेथे शस्त्र परत मिळते. सरसकट सर्वांकडून शस्त्रे मागवण्याऐवजी प्रत्येक परवानाधारकाची छाननी समितीने करावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील प्रकरणात ठरवून दिले आहे. बेकायदा झालेले शस्त्र जमा करून विहित काळात विकले किंवा सोडवले नाही, तर अधिनियमाच्या कलम २१ खाली जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतो. त्याआधी धारकाला नोटीस देऊन म्हणणे मांडण्यास तीस दिवस द्यावे लागतात.